मुंग्या न लागलेला महाल

१

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कितीही खडूस असलं तरी परवडतं, मुंगी परवडत नाही. मी केक करते. लग्नाचे, वाढदिवसांचे, कुणाच्या निवृत्तीचे. माझ्या कामाच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असतात आणि सकाळी उठल्याउठल्या, तोंड धुवायच्या आधी, मी त्या वाट्या भरते. हे काम मी कधी विसरत नाही. त्या दिवशी विसरले, कारण आदल्या दिवशी साखरेचा महाल पुरा झाला होता आणि मी मेल्यासारखी झोपले होते.

जाग आली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. तशीच धावत मागच्या खोलीत गेले. वाट्या कोरड्या ठणठणीत. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढलेली आणि कडेला पडलेली साखरेची कातरणं काळीभोर झालेली. इतक्या दिवसांची मेहनत, आणि संध्याकाळी केक जेवणात मांडायचा! महालाकडे मान वळवायची हिंमत होईना.

महालावर एकही मुंगी नव्हती.

रांग टेबलावरून सरळ येत होती, महालाच्या पाटापासून वीतभर अलीकडे वळत होती आणि अख्ख्या महालाला वळसा घालून पलीकडच्या कातरणांकडे जात होती. मध्ये खडीसाखर नाही, दगड ठेवलाय अशी. मी एक मुंगी बोटावर घेतली आणि महालाच्या पायरीवर सोडली. ती क्षणभर थबकली, मिशा हलवल्या आणि खाली तवा तापलाय की काय अशी पळत सुटली.

“चला, देव पावला,” मी म्हटलं आणि वाट्या भरायला घेतल्या. आपल्या फायद्याची गोष्ट घडली की माणूस कारण विचारत बसत नाही. मीही नाही विचारलं.

२

महाल होता एका लेखकासाठी. हे गृहस्थ अद्भुत राज्यांच्या, उडत्या जहाजांच्या जाडजूड कादंबऱ्या लिहितात. आमच्या शहरात पहिल्यांदाच येणार होते, म्हणून त्यांच्या वाचकांच्या मंडळाने त्यांच्या सन्मानाला मोठं जेवण ठेवलं होतं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते स्वतः माझ्याकडे आले.

“ताई, केक असा करा की बघताक्षणी लेखकांची वाचा बसली पाहिजे.”

“दातांच्या डॉक्टरांनी एवढी साखर मागवायची म्हणजे पुढच्या वर्षाच्या पेशंटांची सोयच की,” मी म्हटलं. ते खो खो हसले. माणूस चांगला आहे, उगाच खोटं सांगणार नाही.

ह्या लेखकाच्या प्रत्येक पुस्तकात म्हणे टेकडीवर एक पांढरा महाल दुरून दिसतो. राजे, चोर, प्रवासी सगळे त्याच्या आजूबाजूने जातात, आणि अंधार पडला की त्याच्या एका खिडकीत दिवा दिसतो. मला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी वर्तमानपत्र वाचते तेही दुधाच्या पातेल्याखाली घालायच्या आधी. पण आमच्या घरात टकळी होती ना!

टकळी म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून हे नाव मीच ठेवलं. बहीण गेली तेव्हा पोर एवढीशी होती. “माय मरो पण मावशी जगो,” असं लोक तेव्हा माझ्या तोंडावर म्हणाले आणि मला त्यांचा असा संताप आला होता! अरे, मेली ती माय माझी बहीण होती. पण पुढे म्हण खरी करून दाखवली मी. ती पोर आणि मी, दोघीच. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, उंच झाली आहे, जाड भिंगांचा चष्मा लावते आणि विचारात पडली की वेणीचं टोक चावते.

आहे म्हणायचं की होती, ते पुढे बघू.

माझे हात सारखे साखरेत, त्यामुळे पुस्तकाला हात लावायची सोय नव्हती. टकळी स्टुलावर बसून मोठ्याने वाचायची आणि मी ऐकत ऐकत महाल उभा करायची. खाली खरा केक, वर साखरेच्या पातळ वाळवलेल्या पाट्या जोडून पोकळ महाल, आणि आत एक छोटा दिवा.

३

भिंती झाल्यावर मी तिला विचारलं, “आत काय दाखवू गं? दिवा लावला की खिडक्यांतून आतलं दिसणार. ओकंबोकं बरं नाही दिसत.”

तिने पानं उलटली आणि वाचायला लागली. आत शिरल्यावर डाव्या हाताला जिना. मधल्या एका पायरीचा कोपरा उडालेला. जिन्याच्या तोंडाशी कपाट, त्याचं एक दार गायब. ती वाचत गेली तसं मी करत गेले. पायरीचा कोपरासुद्धा नखाने उडवला. आपलं काम कसं चोख!

मग मला गंमत सुचली. “एवढा मोठा महाल आणि राहायला चिटपाखरू नाही? थांब, तुलाच ठेवते.”

साखरेची बोटभर बाहुली केली. वेणी केली, चष्मा केला, हातात पुस्तक दिलं. टकळी हसून हसून बेजार.

“ठेव ठेव. पण तोंड बाहेर कर हं मावशी, मला सगळे दिसले पाहिजेत.”

वरच्या मजल्याच्या खिडकीत, तोंड बाहेर करून, पाकाच्या थेंबाने मी तिला चिकटवली. स्वतःच्या हाताने.

४

मुंग्यांच्या त्या सकाळी महाल नीट तपासताना पाहिलं, तर खिडकीत बाहुलीची पाठ दिसत होती.

“टकळे, बाहुली फिरवलीस का गं?”

“मी हातसुद्धा लावला नाही,” आतून आवाज आला.

असं होतं. हवा दमट असली की साखर पाणी ओढते, पाक सैल पडतो, जड बाजू खाली येते. मी खिडकीतून बोट घालून बाहुली परत फिरवायला गेले. ती तसूभरही हलेना. पाक सैल पडला म्हणून जी फिरली, ती इतकी घट्ट कशी बसली? जोर केला असता तर मोडली असती. म्हटलं, मरो, पाठ तर पाठ, वेणी किती छान दिसते आहे.

खरं तर माझं मन दुसऱ्याच गोष्टीवर अडलं होतं. “हात लावला नाही,” एवढं बोलून टकळी गप्प झाली होती. एरवी असा विषय मिळाला असता तर तिने तासभर माझं डोकं खाल्लं असतं.

दुपारभर ती खिडकीशी बसून होती. “पोटात दुखतंय का?” विचारलं, तर मान हलवली. “लेखक भेटणार म्हणून धडधडतंय होय?” तर नुसती हसली. संध्याकाळी निघताना तिने आईचे मोत्याचे कानातले घातले. आरशात बघताना क्षणभर माझी बहीणच उभी आहे असं वाटलं, आणि मी कौतुकाने तिच्या गालावरून हात फिरवला. गाल कोरडा आणि गार होता. पंख्याखाली बसली होती इतका वेळ, दुसरं काय.

५

जेवण एका जुन्या क्लबच्या हॉलमध्ये होतं. उंच छत, लांबलचक टेबल, इस्त्रीच्या घड्या अजून दिसतील असे पांढरे टेबलक्लॉथ. मागे एक अरुंद भांडारखोली. महाल मधोमध ठेवून वर कापड झाकलं, कारण डॉक्टरांना शेवटी सगळ्यांना चकित करायचं होतं. टकळीला त्यांनी लेखकांच्या बरोबर समोरची खुर्ची दिली होती. “तुमच्या भाचीएवढी पुस्तकं आमच्या मंडळात कुणी वाचली नाहीत,” असं ते स्वतः म्हणाले. हे लक्षात ठेवा.

लेखक म्हणजे मला वाटलं होतं दाढीबिढी असेल, डोळे तेजःपुंज असतील. तर आले एक किरकोळ म्हातारे, स्वेटरच्या कोपराला ठिगळ, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारे. कुणी महालाबद्दल विचारलं की गोड हसून विषय बदलायचे.

मी भांडारखोलीच्या दारात उभी राहून बघत होते. वाढपी सूप वाढत आला आणि टकळीला वगळून पुढे गेला. गर्दीत होतं असं. मीच एक वाडगा नेऊन तिच्यापुढे ठेवला. मग पाव आला, तोही तिला सोडून पुढे गेला. मग दुसऱ्या वाढप्याने उष्ट्या बश्यांची चळत आणून सरळ तिच्या पुढ्यात ठेवली.

“अरे, डोळे फुटले का? माणूस बसलंय ना तिथे!”

तो दचकला. “सॉरी मॅडम, खुर्ची रिकामी वाटली.”

मी बश्या उचलल्या. टकळीने माझ्याकडे पाहिलं. लांबच्या गाडीत बसलेलं माणूस खिडकीतून बघतं ना, तसं.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “जिन्यावर किती गार आहे गं.”

“कुठल्या जिन्यावर?”

त्या हॉलला जिना नव्हता. मी मनाशी म्हटलं, पोर सकाळपासून उपाशी आहे, चक्कर आली असणार, हा केक एकदा कापून होऊ दे की हिला घेऊन घरी जाते. आत्ताच उठून नेलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते.

पण तेवढ्यात डॉक्टरांनी कापड ओढलं.

६

टाळ्यांचा कडकडाट झाला. लेखक हसत सुरी घेऊन उठले, महालाशी आले, वाकले आणि खिडकीतून आत बघितलं. सुरी त्यांनी सावकाश खाली ठेवली.

“आत कुणाला ठेवलंत?” त्यांनी विचारलं.

लोकांना वाटलं, लेखक काहीतरी लेखकी बोलताहेत. सगळे हसले. ते मात्र माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यात रक्ताचा थेंब नव्हता. “मला हे जरा निवांत बघायचंय,” असं डॉक्टरांना सांगून त्यांनी आणि मी महाल उचलून भांडारखोलीत आणला. त्यांनी दार लोटलं.

“जिना कुणी सांगितला तुम्हाला?”

“अहो, तुमच्याच पुस्तकात आहे. भाचीने वाचून दाखवलं, मी केला.”

“ताई, माझ्या एकाही पुस्तकात कुणी महालाच्या आत पाऊल टाकत नाही. सगळ्यांना मी बाहेरच्या बाहेर फिरवत ठेवलंय. इतकी वर्षं तेवढंच करतोय.” मग हळूच म्हणाले, “पायरीचा कोपरा उडालाय?”

“हो.”

“आणि कपाटाचं दार?”

“एकच आहे.”

ते तिथल्या खोक्यावर मटकन बसले. “बाहुली कुणाची?”

“भाचीची. तुमच्या समोर तर बसली आहे ती जेवायला.”

लेखकांनी कपाळाला आठ्या घातल्या. खूप आठवायचा प्रयत्न केला त्यांनी, मला दिसत होतं ते.

“माझ्या समोर,” ते म्हणाले, “कुणी बसलं होतं का?”

७

मी हॉलमध्ये धावले. लेखकांच्या समोर टेबलक्लॉथ सपाट होता. खुर्ची नव्हती, वाडगा नव्हता, शेजारचे दोघे सरकून ऐसपैस बसले होते.

“काय शोधताय ताई?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझी भाची कुठे गेली?”

“भाची? तुम्ही एकट्याच आलात ना टेम्पोतून?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माणूस थट्टा करत असला की कळतं, खोटं बोलत असला की कळतं. डॉक्टर दोन्ही करत नव्हते.

आणि मागून, भांडारखोलीतून, मोठ्याने वाचल्याचा आवाज आला. रोजचा तोच सूर, स्वल्पविरामाला जराशी थांबणारी टकळी.

लेखक गुडघे टेकून महालाला कान लावून बसले होते. मी खिडकीला डोळा लावला. बाहुली खिडकीत नव्हती. ती जिन्यावर होती, कोपरा उडालेल्या पायरीच्या वर, आमच्याकडे पाठ करून. वेणीच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकाएवढे दोन मोती चमकत होते. मी बाहुलीला मोती केले नव्हते. देवाशप्पथ, नव्हते केले.

बोट घातलं, पोचेना. सुरी उचलली. लेखकांनी माझं मनगट धरलं.

“फोडू नका. मी फाडलं होतं. कागदच होता माझा, रागाने फाडून टाकला. ती नाही आली बाहेर. जो आवाज येत होता, तोही गेला.”

“कोण ती?”

“बायको माझी. माझं लिखाण टाईप करायची. एकदा गंमत म्हणून एका वाक्यात तिला खिडकीत उभं केलं.” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “ताई, माझी नजर आता अधू झाली आहे, बारीक दिसत नाही. आत अजून कुणी दिसतंय का?”

मी परत पाहिलं. जिना वर जिथे वळतो तिथे अंधार होता. अंधारात कठड्यावर एक हात होता. कठडा मी केला नव्हता. हातामागे बाईची आकृती, टकळीकडे वाकलेली, आणि तिच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. पापणी लवली आणि काही नाही.

“अंबाड्यात पेन्सिल आहे,” मी सांगितलं.

“हो,” ते म्हणाले. “तिथे खोचायची आणि घरभर शोधायची.” आणि तो म्हातारा लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

माझं डोकं फिरलं. “रडताय काय? माझी पोर बाहेर कशी काढायची ते सांगा!”

त्यांनी मान हलवली. “दिवा विझू देऊ नका. प्रत्येक पुस्तकात खिडकीतला दिवा लावत आलो, मला तेवढंच जमलं.”

८

केक कापलाच नाही. लेखकांना बरं वाटत नाही असं सांगून डॉक्टरांनी आइस्क्रीम मागवलं. महाल मी घरी आणला. तो माझ्या टेबलावर आहे, आतला दिवा लागलेला आहे. वाट्या आता मी भरत नाही, गरजच नाही. मुंग्या वळसा घालून जातात.

तिच्या खोलीत केकची रिकामी खोकी रचलेली आहेत. ती मी रचली नाहीत. शेजारीण म्हणते, एकट्या बाईने किती कष्ट करावेत, एखादी मुलगी मदतीला ठेवा. मी हो म्हणते. भांडून कुणाला काय पटवणार? लोक वेडी म्हणतील, आणि कधी कधी मलाही वाटतं, म्हणोत, वेडीच असेन, तर बरं होईल. वेड असेल तर ती कुठे गेलेली नाही, कधी नव्हतीच. पण मग हा आवाज कुणाचा? कामाला बसले की तिचं वाचन ऐकू येतं. रोज जरासं वरून, जरासं बारीक. ती चढते आहे.

बाहुली आता कुठल्याच खिडकीतून दिसत नाही.

काल सकाळी पीठ चाळताना तिचं पाळण्यातलं नाव आठवायला गेले आणि मला वेळ लागला. आठवलं, पण वेळ लागला. चाळणी हातात धरून मी तिथेच खाली बसले. डॉक्टर विसरले तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते. मी विसरले तर कुणी चिडायलाही उरणार नाही.

म्हणून आज दुकान बंद ठेवलं आणि साखर मळायला घेतली. बोटभर बाहुली केली. जाडी केली, मी आहे तशी, साखर चोरली नाही. एप्रन केला. डोक्यावर सरकवलेला चष्मा केला, जो मीही घरभर शोधते. आणि हातावर घडी घातलेली शाल दिली, कारण जिन्यावर गार आहे म्हणाली होती.

वाळायला ठेवली तेव्हा मुंग्या आल्या. कातरणांवर चढल्या, माझ्या साखरेच्या हातावर चढल्या. रांग बाहुलीपर्यंत गेली. पुढची मुंगी थबकली, मिशा हलवल्या आणि वीतभर लांबून वळली. मागच्या सगळ्या तिच्या मागोमाग वळल्या.

मी पाकाचा थेंब घेतला आणि बाहुली खिडकीत ठेवली, तोंड आत करून.

“टकळे,” मी हाक मारली, “थांब तिथेच. आले.”